सही माझी होती

फुटबॉलच्या नियमांत २०१९ साली एक बदल झाला. तोपर्यंत पिवळं आणि लाल कार्ड खेळाडूंपुरतं होतं. त्या वर्षापासून ते बेंचवरच्या प्रशिक्षकालाही दाखवता येऊ लागलं. त्याच बाराव्या नियमात आणखी एक तरतूद आली. बेंचवरून कोणी गैरवर्तन केलं आणि नेमकं कोणी केलं ते रेफ्रीला ओळखता आलं नाही, तर तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला कार्ड मिळतं. शिवी कोणीही हासडलेली असो, नाव सापडलं नाही तर शिक्षा प्रशिक्षकाची.

मी हे वाचलं तेव्हा निवृत्त झालो होतो. नाशिकच्या एका महाविद्यालयात फिजिकल डायरेक्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. जिमखाना, फुटबॉलचा संघ आणि दर पावसाळ्यात झोनल स्पर्धा, हेच माझं आयुष्य होतं. ही तरतूद तेव्हा असती तरी माझ्या प्रकरणात तिचा उपयोग झाला नसता. नियम कोणी मोडला हे ओळखायला तिथे कुणालाच अडचण आली नाही. तो मोडू कोणी दिला, हे मात्र समितीने विचारूनही त्यांना कळलं नाही, कारण उत्तर मला द्यायचं होतं आणि मी खोटं दिलं.

नाशिकमध्ये मैदान म्हटलं की आधी क्रिकेट. फुटबॉलला उरलेली वेळ आणि उरलेली जागा. आमच्याकडे मुलं येत ती देवळाली कॅम्पातून, जिथे लष्कराच्या जवानांचे सामने बघत पोरं मोठी होतात. इगतपुरी-मनमाडच्या रेल्वे वसाहतींतून. आणि पुढे पुढे पेठ-सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहणारी. ही शेवटची मुलं अनवाणी खेळत आलेली असत. बूट घातले की सुरुवातीला त्यांचा वेग कमी व्हायचा.

पुणे विद्यापीठाचे स्पर्धांसाठी पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिक असे चार विभाग तेव्हा होते. महाविद्यालयाच्या संघातून झोनल खेळायची, तिथे नजरेत भरलं तर नाशिक विभागाच्या संघात नाव येतं, तो संघ आंतरविभागीय खेळतो आणि त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो. तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्याचा शासन निर्णय २००५ मध्ये आला आणि या पायऱ्यांचा अर्थच बदलला. आधी खेळ म्हणजे हौस. आता ज्याच्या घरी दोन एकर वरकस जमीन आहे त्याला वाटायला लागलं की यातून आपण पोलिसात लागू शकतो. हे वाटणं चुकीचं नव्हतं. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत तेव्हा नाशिकच्या रस्त्यांवर धावत होती. तिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याच्या कितीतरी आधी तिचं नाव त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं.

मी सांगतो आहे ते त्या शासन निर्णयानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं.

आमच्याकडे एक गोलकीपर होता. देवळालीचा. उंची फार नाही, पण चेंडू कुठे येणार हे त्याला फटका बसण्याआधी कळायचं. आदल्या वर्षी तो एस.वाय.ला नापास झाला, त्यामुळे त्याला पुढच्या वर्षात प्रवेश नव्हता. प्रवेश नाही म्हणजे तो आमचा विद्यार्थी नाही, आणि विद्यार्थी नाही म्हणजे स्पर्धेत खेळता येत नाही. नियम इतका साधा आहे. तरी तो रोज संध्याकाळी सरावाला यायचा. मी त्याला येऊ दिलं. सराव करायला कुणाची ना असणार, असं मी म्हणायचो. खरं तर मला तो गोलमध्ये उभा हवा होता. दुसरा कीपर, ज्याचा प्रवेश रीतसर होता, तो चांगला मुलगा होता पण उंच चेंडूला घाबरायचा. आदल्या वर्षीची झोनल आम्ही त्याच्याच चुकीने हरलो होतो.

झोनलसाठी पाठवलेल्या यादीची गोष्ट सांगण्याआधी तिच्याही मागे जायला हवं. पोरं एका दिवसात नियम मोडायला शिकत नाहीत. बाहेरगावच्या सामन्यांना जाताना रेल्वेचं भाडं जिमखान्याच्या खात्यातून मिळायचं आणि दिवसाचा भत्ता इतका तुटपुंजा असायचा की त्यात एका वेळचं धड जेवण होत नसे. मग मुलं विनातिकीट जात आणि तिकिटाच्या पैशांत सामन्यानंतर पोटभर खात. मला ते माहीत होतं. नव्वद मिनिटं चिखलात धावलेलं पोर उपाशी झोपावं असं मला वाटत नव्हतं. पण भत्ता वाढवून मागण्यासाठी प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जायला हवं होतं, तिथे वाद घालायला हवा होता. ते मी केलं नाही. त्यापेक्षा डोळेझाक सोपी होती. प्रवासखर्चाच्या बिलावर मी पूर्ण तिकिटांची रक्कम लावून सही करत राहिलो. मुलं हे सगळं बघत होती. सरांची सही हा एक उपचार आहे आणि सांभाळायचं ते पकडले जाण्यापासून, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. मी त्यांना एका शब्दानेही तसं सांगितलं नव्हतं.

झोनलच्या आदल्या आठवड्यात कप्तान पात्रता अर्जांचा गठ्ठा घेऊन जिमखान्यात आला. प्रत्येक अर्जावर खेळाडूचा फोटो, नाव, जन्मतारीख, वर्ग, सोबत बोनाफाईड. खाली माझी सही, माझ्या सहीखाली प्राचार्यांची. प्राचार्य अर्ज वाचत नसत. माझी सही दिसली की ते सही करत, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी एकेक अर्ज उलटत सही करत होतो. दुसऱ्या कीपरच्या नावाचा अर्ज आला. नाव त्याचं, जन्मतारीख त्याची, वर्ग त्याचा. फोटो देवळालीच्या मुलाचा.

पेन थांबलं. मी वर पाहिलं. कप्तान ढालींच्या कपाटाकडे बघत उभा होता. तेव्हा मी नुसतं "हे काय रे?" म्हटलं असतं तरी सगळं तिथेच संपलं असतं. त्याने मान खाली घातली असती, मी अर्ज फाडला असता, उंच चेंडूला घाबरणारा मुलगा गोलमध्ये उभा राहिला असता आणि बहुधा आम्ही हरलो असतो. मी विचारलं ते असं: "सगळे फोटो नीट चिकटवलेत ना?"

तो म्हणाला, "हो सर."

या प्रश्नाचा मी पुढे फार विचार केला आहे. मी तो अशा बेताने विचारला होता की त्यालाही खोटं बोलावं लागू नये आणि मलाही खरं ऐकावं लागू नये. तो विचारताना मला कळत होतं की मी काय करतो आहे. मी घाईत नव्हतो, गोंधळलो नव्हतो. मी सही केली आणि पुढचा अर्ज घेतला.

असं का केलं, याचं एक उत्तर मी तेव्हा स्वतःला दिलं होतं: पोराचं वर्ष वाया गेलंय, खेळही गेला तर तो भरकटेल. हे कारण पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच ते घातक होतं. त्याच्यामागे दुसरं कारण होतं. त्या वर्षी झोनल जिंकली तर विद्यापीठाच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून माझं नाव जाईल, असं माझ्या कानावर आलं होतं. मला जायचं होतं.

उपांत्य सामना पावसात झाला. काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस पडला की बुटाला किलोभर चिखल लागतो आणि चेंडू मध्येच थबकतो. अशा मैदानावर सामना कीपरच जिंकून देतो किंवा हरवतो. आमच्या कीपरने तो जिंकून दिला. मध्यंतराला समोरच्या महाविद्यालयाचे फिजिकल डायरेक्टर माझ्याकडे आले. आमची अनेक वर्षांची ओळख, घरी येणं-जाणं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सर, तुमचा कीपर कोण हो?" ते मला संधी देत होते, हे मला तेव्हाही समजलं. मी म्हणालो, "यादी बघा की." सामना संपल्यावर त्यांनी शुल्क भरून लेखी हरकत नोंदवली.

यजमान महाविद्यालयाच्या एका वर्गात समिती बसली. तीन प्राध्यापक, समोर टेबलावर आमचे अर्ज. मुलाला बोलावलं. कपडे बदलायलाही वेळ मिळाला नव्हता. नाव विचारलं, त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं. जन्मतारीख विचारली, ती पाठ केली होती. मग अध्यक्षांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आईचं नाव काय?"

तो गप्प झाला. दुसऱ्याच्या आईचं नाव पाठ करायला हवं हे कुणाला सुचलं नव्हतं, आणि स्वतःच्या आईचं नाव त्याला घेता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

अध्यक्षही माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

सही करणं ही चूक होती. पण त्या चुकीत निदान मुलांशी माझं साटंलोटं होतं. आम्ही सगळे एकाच बाजूला होतो. या उत्तराने मी त्यांना तिथे ठेवून एकटा बाहेर पडलो. आणि त्यानंतर जे झालं त्याने माझी सुटका पक्की केली. तो मुलगा समितीला म्हणाला, "सरांना काही माहीत नाही. मीच फोटो बदलला." त्याने बदलला नव्हता. फोटो कप्तानाने चिकटवला होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने कप्तानालाही वाचवलं आणि मलाही, आणि मी वाचवून घेतलं.

संघ बाद झाला. त्या मुलाला आणि ज्याचं नाव वापरलं त्यालाही विद्यापीठाच्या स्पर्धांना बंदी झाली. महाविद्यालयाला ताकीद आली. मला काहीच झालं नाही. उलट स्टाफरूममध्ये लोक हळहळले: तुमच्यासारख्या माणसाला पोरांनी फसवलं. मी मान हलवली. पुढच्या आठवड्यात मैदानावर मुलांना गोल करून उभं केलं, शिस्तीवर बोललो आणि सगळ्यांदेखत कप्तानाचं कप्तानपद काढून घेतलं. कोणी काही बोललं नाही. अर्ज माझ्या हातून गेले होते हे त्यांतल्या निदान चौघा-पाचांना माहीत असणार. दिवाळीनंतर सरावाला येणारी मुलं कमी होत गेली.

कीपर पुन्हा कधी मैदानावर आला नाही. मी त्याच्या घरी गेलो नाही. दुसऱ्या कीपरचं तर मला आजही सगळ्यांत जास्त लागतं. तो बिचारा या भानगडीला हो म्हणालाच नव्हता. त्याचं बोनाफाईड कप्तानाने मागून घेतलं होतं आणि नाही म्हणायची त्याची छाती झाली नव्हती. त्याची बाजू समितीसमोर मांडणारा एकच माणूस असू शकत होता.

आणि आमचा स्ट्रायकर. सुरगाण्याचा, शेवटच्या वर्षाचा. विभागाच्या संघात त्याची निवड होणार हे निवड समितीतल्या लोकांच्या बोलण्यातून मला कळलं होतं. संघच बाद झाल्यावर त्याचा विचार झाला नाही. विद्यापीठाच्या संघापर्यंत तो गेलाच असता असं नाही. पण त्याची शक्यता संपली ती त्याने काही केलं म्हणून नव्हे.

२०११च्या मध्याला लागोपाठ दोन बातम्या आल्या आणि मी पुन्हा या सगळ्याशी येऊन थांबलो. पहिली अमेरिकेतली. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा ओहायोत नोकरीला होता, त्याने फोनवर सांगितली. ओहायो स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी ३० मे रोजी राजीनामा दिला होता. त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा. पण गोष्ट ओळखीची होती. त्यांच्या खेळाडूंनी खेळाडू म्हणून मिळालेल्या वस्तू देऊन त्या बदल्यात टॅटू आणि पैसे घेतले. हे तिथल्या नियमात बसत नाही. ट्रेसल यांना ते एप्रिल २०१० मध्येच एका ईमेलवरून समजलं होतं. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं नाही, आणि त्याच सप्टेंबरमध्ये, नियमभंगाची आपल्याला माहिती नाही, अशा अर्थाच्या कागदावर सही केली. त्या खेळाडूंना खेळवून मिळवलेले संपूर्ण हंगामातले विजय पुढे रद्द झाले. ट्रेसल यांनाही शिक्षा झाली: पाच वर्षांत कोणत्याही विद्यापीठाला त्यांना प्रशिक्षक म्हणून घ्यायचं तर आधी तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेसमोर कारण मांडावं लागणार होतं. मी त्या विद्यार्थ्याला विचारलं, "आणि पोरांचं काय झालं?" तो म्हणाला, "सर, त्यांना पाच-पाच सामन्यांची बंदी. पण नोकरी कोचची गेली."

दुसरी बातमी आपल्याकडची. महिलांच्या चार गुणिले चारशे रिलेतल्या धावपटू उत्तेजक चाचणीत सापडल्या. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या चौघींपैकी तिघी त्यांत होत्या. प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी दिलेल्या जिनसेंगमधून ते द्रव्य शरीरात गेलं, असं त्या धावपटूंचं म्हणणं होतं. सरकारने ओगोरोदनिक यांना काढून टाकलं. पण शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा उत्तेजकांच्या नियमांचा पाया आहे. देशातल्या समितीने एक वर्षाची बंदी घातली होती; लोझानच्या क्रीडा लवादाने ती २०१२ मध्ये दोन वर्षांची केली. धावपटूच्या आयुष्यातली दोन वर्षं म्हणजे काय हे ज्याने पोरं धावताना पाहिली आहेत त्याला सांगायला नको. प्रशिक्षकाच्या हातून घेतलेली वस्तू तपासायला हवी होती, हे नियम म्हणून मला मान्य आहे. पण मी खेळाडूंबरोबर आयुष्य काढलं आहे. प्रशिक्षकाने पुढे केलेला हात खेळाडू तपासत नाही. तो तपासू लागला तर खेळच होणार नाही. म्हणून जबाबदारीची वाटणी समसमान करायला माझं मन तयार होत नाही. वय, पगार आणि विश्वास यांचं पारडं एकाच बाजूला झुकलेलं असताना दोष मात्र निम्मा-निम्मा, हे मला पटत नाही.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी प्राचार्यांना लिहून दिलं की त्या वर्षीच्या पात्रता अर्जावरचा बदललेला फोटो मी सही करताना पाहिला होता. तोवर प्राचार्य बदलले होते. नव्या प्राचार्यांनी पत्र वाचलं, आता याचं काय करायचं म्हणून विचारलं आणि फाईलला लावलं. दोघा कीपरांपैकी ज्याचं नाव वापरलं होतं, त्याच्या घरी जाऊन मी त्याच्या वडिलांसमोर खरं सांगितलं. वडील म्हणाले, "तेव्हा आम्ही त्याला मारलं होतं, सर." त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

स्ट्रायकर अंबडच्या एका कारखान्यात आहे. सुपरवायझर झाला आहे. तो मला भेटत असतो. एकदा मी त्याला विचारलं, मी त्या दिवशी समितीसमोर खरं बोललो असतो तर काय झालं असतं? तो हिशेबी माणूस आहे, विचार करून म्हणाला, "संघ बादच झाला असता. मला पण निवडलं नसतं. तुमची पगारवाढ अडली असती." थोड्या वेळाने म्हणाला, "पण मग सर, आम्ही खेळत राहिलो असतो."

आता थोडं आजचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचं मंजूर पद वर्षानुवर्षं रिकामं आहे. तिथे तासिका तत्त्वावर किंवा वर्षाच्या कंत्राटावर एखादा तरुण घेतात. अर्जावर सही तोच करतो. मी कायम नोकरीत होतो, पगार वेळेवर होता, मला कोणी काढू शकत नव्हतं, तरी एका ढालीसाठी माझं पेन वळलं. ज्याची नोकरी मार्चनंतर राहील की नाही हे संघाच्या निकालावर ठरतं, त्याच्याकडून आपण कोणत्या जबाबदारीची अपेक्षा करतो? प्रशिक्षक जबाबदार असायला हवा तर आधी त्याला नाही म्हणता यायला हवं.

असा एक तरुण गेल्या हंगामात माझ्याकडे आला होता. त्याच्या यादीत एका मुलाचा प्रवेश मुदत उलटून गेल्यावर झालेला होता आणि तारीख मागची टाकून द्या, असं त्याला वरून सांगण्यात आलं होतं. मी त्याला माझी गोष्ट सांगितली. काय कर ते सांगितलं नाही. त्याने नाव खोडलं, त्या मुलाला घरी जाऊन कारण समजावलं, आणि संघ पहिल्याच फेरीत हरला. यंदा त्याच्या जागेची पुन्हा जाहिरात आली, त्याने पुन्हा अर्ज केला, त्याला घेतलं नाही. कारण कळवलेलं नाही. तो मुलगा मात्र, ज्याचं नाव खोडलं होतं, यंदा वेळेत प्रवेश घेऊन सरावाला येतो, आणि नवा माणूस नेमला जाईपर्यंत सराव हाच तरुण घेतो आहे, बिनपगारी. मी संस्थेच्या चिटणीसांना भेटीसाठी पत्र दिलं आहे. सोमवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. पात्रता अर्जांची मुदत शुक्रवारी संपते, आणि त्यावर सही कोणी करायची हे अजून ठरलेलं नाही.